शेपटीची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझा आवाज गोड नाही, आणि माझी गोष्टही गोड नाही. शिट्टीला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे, आणि तिच्या शेजारी तिच्याएवढाच लहान, गोल, टणक राग मी वर्षभर बाळगला. तो कुणावर होता आणि त्याचं पुढे काय झालं, ते ऐका.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेच्या पट्टीला यंत्राने वाकवलं, डाख देऊन सांधलं, आत गोळी सोडली आणि वरच्या कडीत दोरी ओवली. मग मी खेळाच्या सामानाच्या एका दुकानात जाऊन बसले. शेजारी फुटबॉल टांगलेले. वाटलं, आपल्या नशिबात मैदान आहे. पण मला विकत घेतलं ते बाजूच्याच दुकानातल्या चष्मेवाल्या काकांनी.

चष्मेवाले काका एका मंडळात होते. मंडळाचं नाव ‘सोबत’. त्या वस्तीतली माणसं सुट्टीच्या दिवशी एकत्र सहलीला जायची. नुसतं खाऊनपिऊन यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कधी डोंगरावरच्या रोपांना पाणी घालायचं, कधी दवाखान्यातल्या मुलांच्या खोलीला रंग द्यायचा, कधी तळ्याचा काठ साफ करायचा. मग भाड्याच्या बसमधून गात गात घरी. गाणाऱ्यांना सूर नसायचा, पण उत्साह असा, की ड्रायव्हरमामा खिडकीची काच वर करून घ्यायचे, बाहेरच्यांना त्रास नको म्हणून.

अशाच एका सहलीत बेकरीवाल्या मावशी मागे राहिल्या. त्या हातपाय धुवायला गेल्या आणि बस निघून गेली. पुढच्या गावात कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा गाडी वळली. मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून रडत होत्या. चिडूनही होत्या. “पाव विसरला असता तर लगेच कळलं असतं तुम्हाला,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला घेतलं आणि मंडळाला एक नियम घालून दिला. प्रत्येक सहलीत एक जण शेपूट. शेपटीने सगळ्यांच्या मागे चालायचं. शेपटीच्या मागे कुणी राहायचं नाही. शेवटचा माणूस गाडीत चढला की मग शेपटीने चढायचं, शिट्टी वाजवायची, आणि ती वाजल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही.

“पण शेपूट होणार कोण?” कुणीतरी विचारलं.

“मी,” काका म्हणाले. “मला नाहीतरी घाई नसते.”

तेव्हापासून दर सहलीच्या शेवटी ड्रायव्हरमामा आरशात बघून ओरडायचे, “शेपूट?” काका मला जोरात फुंकायचे. सगळी बस ओरडायची, “हलली रे हलली!” मित्रांनो, मी मैदानावर गेले असते तर कुणाचा तरी गोल नाकारत बसले असते. इथे माझ्या आवाजाचा अर्थ एकच होता: सगळे आले.

घरी गेल्यावर काका मला चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ कापडाने पुसायचे. त्यांची मुलगी दुकानात त्यांच्या शेजारी बसायची. ती म्हणायची, “बाबा, गिऱ्हाईकाच्या भिंगाला एवढं घासत नाही तुम्ही.”

“गिऱ्हाईक भिंगातून बघतं. हिच्यावर तर गाडी सुटते,” काका म्हणायचे.

मग मंडळाचे अध्यक्ष बदलले. नवे अध्यक्ष फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक. माणूस बोलायला गोड, फोटोत हसरा. त्यांच्या काळात सहलींना पाहुणे येऊ लागले. झाडाला पाणी घालायच्या आधी झाडाशेजारी उभं राहायला लागायचं, कारण फोटोवाला यायचा बाकी असायचा.

तळ्याच्या सफाईच्या दिवशी सकाळी अध्यक्ष काकांना म्हणाले, “आज शिट्टी माझ्याकडे द्या हो. आघाडीला मी आहे. गळ्यात असली म्हणजे फोटोत जरा बरं दिसतं.”

“शिट्टी शेपटीची असते,” काका म्हणाले.

“एका दिवसाने शेपूट गळून पडत नाही!”

सगळे हसले. काकाही हसले, आणि भिडेखातर त्यांनी मला गळ्यातून काढून दिलं. “गाडी सुटायच्या आत परत द्या बरं का.”

“देतो हो. पळून चाललोय का मी?”

दिवसभर मी त्यांच्या सदऱ्यावर मिरवले. दुपार कलली, गार वारा सुटला, आणि माणसं बसकडे निघाली. काका तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेले होते. तिथे फाटक्या जाळ्यांचा एक गठ्ठा राहिला होता, तो बांधायला. कोट आणि फोन त्यांनी नेहमीसारखा बसच्या मागच्या सीटवर ठेवला होता. इकडे पाहुणे घड्याळ बघत होते. हॉलवर भाषणं व्हायची होती. अध्यक्ष बसच्या दारात उभे राहिले, आत एक नजर टाकली, ती मागच्या सीटपर्यंत पोचलीच नाही, आणि त्यांनी मला तोंडात धरलं.

शिट्टीला फुंकणारा निवडता येत नाही. मी वाजले. “हलली रे हलली!” बस ओरडली, आणि बस हलली.

थोडं अंतर गेल्यावर बेकरीवाल्या मावशी मागे वळल्या. “अहो, चष्मेवाले कुठायत? कोट इथेच आहे त्यांचा.”

मी अध्यक्षांच्या छातीवर होते. आत काळीज धाडकन उडालं, ते मला स्पष्ट कळलं. आता म्हणतील, मामा, गाडी वळवा. पण पाहुण्यांनी पुन्हा मनगट वर केलं, आणि अध्यक्ष हसले.

“ते चालत येतायत. मला सांगून गेलेत, शिट्टीसुद्धा देऊन गेले. थांबा म्हटलं, पण ऐकतील ते कसले! हट्टी माणूस.”

“आणि कोट?”

“चालताना उकडतं म्हणाले.”

मित्रांनो, इथून पुढे मी त्या माणसाला ‘ते’ म्हणणार नाही. तो म्हणेन.

काका गार वाऱ्यात चालत उशिरा घरी पोचले, आणि धड काही न सांगताच अंथरुणावर पडले. त्या रात्रीच ताप भरला, तो छातीत उतरला, आणि काही दिवसांनी काका दवाखान्यातच गेले. हे मला कळलं शोकसभेत. मी त्याच्याच खिशात होते. तो उभा राहिला, चष्मा पुसला, आणि म्हणाला, “आमचे चष्मेवाले स्वच्छंदी होते. बस सोडून चालत निघाले. शेवटपर्यंत स्वतःच्या मर्जीने जगले.” माणसं माना हलवत होती. मावशी पदर डोळ्याला लावून पुटपुटल्या, “इतका कसला मेला हट्ट!” पहिल्या रांगेत मुलगी बसली होती. ती रडली नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली, दुकानात समोरच्याला कोणत्या नंबरचं भिंग लागेल याचा अंदाज घेताना बघतात तशी.

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या सहलीला तो दिमाखात बसच्या दारात उभा राहिला आणि मला फुंकलं. मी वाजलेच नाही. नुसती फुस्स. त्याने गाल फुगवले, लालबुंद झाला, पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. “अध्यक्षांची हवा गेली!” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. बूच ओलं होऊन फुगलं असेल, असं जाणकार म्हणाले. म्हणोत. ते मी फुगवलं होतं.

त्याने प्लास्टिकची शिट्टी घेतली आणि मला मंडळाच्या कचेरीतल्या खणात टाकलं. तिथे वाळलेली पेनं होती, चिकटपट्टीचं रिकामं रीळ होतं, कुलूप हरवलेली एक किल्ली होती. माझ्यावर हिरवा कळंक चढला. अंधारात मी एकाच चित्राशी खेळत बसायचे: तळ्याकाठचा रस्ता, गार वारा, आणि त्यावरून बिनकोटाचा, एकटा, चालत येणारा तो. तो हाका मारतोय आणि बस लांब लांब जातेय. हे चित्र मला फार आवडायचं.

एक दिवस खण उघडला. समोर मुलगी उभी होती.

“बाबांची शिट्टी न्यायला आले,” ती म्हणाली.

“न्या ना, बाळ. आठवण म्हणून जपून ठेवा. आता वाजत मात्र नाही ती.”

“आणि काका, बाबांची जागा रिकामी आहे. यापुढे शेपूट मी होते.”

त्याला काय, फोटोला आणखी एक निमित्त. “वा वा! बापाचा वारसा!” तो म्हणाला.

मुलीने दुकानात नेऊन मला कोमट पाण्याने धुतलं, चष्म्याच्या बारीक हत्याराने गोळी सोडवली, आणि त्याच मऊ कापडाने पुसलं. मग हलकेच फुंकून पाहिलं. तिच्यासाठी मी वाजले. तिने मला मुठीत घट्ट धरलं.

वर्ष फिरून तळ्याच्या सफाईचा दिवस आला. संध्याकाळ झाली, तसाच वारा सुटला. माणसं एकेक करून बसमध्ये चढली. मुलगी शेपूट, दाराशी खाली उभी. तिच्या मागे एकच माणूस राहिला होता. तो काठावर फोनवर कुणाला तरी आजच्या कार्याची माहिती देत होता, आमच्याकडे पाठ करून. त्याचा कोट बसमध्ये होता.

“शेपूट?” ड्रायव्हरमामांनी विचारलं.

मुलीने मला तोंडात धरलं. तिचे दात माझ्या पितळेवर रुतले. वाजव, मी मनात किंचाळले. वाजव, पोरी! वर्षभर मी याच क्षणासाठी जगलेय. एक फुंकर, आणि हा रस्ता त्याचा!

तिने श्वास भरून घेतला. छाती वर आली. आणि मग तो श्वास तिने नाकाने सोडून दिला.

ती थांबली. तो धापा टाकत आला. “बरं झालं बाई थांबलात! मला वाटलं जाताय की काय सोडून.”

“शेपटीच्या मागे कुणी राहत नाही, काका. बाबांचा नियम. चढा.”

तो चढला. ती चढली, पण तिने मला फुंकलं नाही. पुढे जाऊन ड्रायव्हरच्या शेजारी, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

“वाजवा ना, ताई,” कुणीतरी म्हणालं.

“वाजवते. आधी काकांना एक विचारायचंय.” तिचा आवाज चढला नव्हता. “दवाखान्यात बाबांना धड बोलता येत नव्हतं. एवढंच म्हणाले, ‘शिट्टी ऐकली गं, आणि धावलो.’ मला वाटलं, तापात बडबडतायत. मग मी विचार करत बसले. चालत यायचं ज्याने स्वतः ठरवलंय, तो माणूस शिट्टी ऐकून धावेल कशाला?”

ती थेट त्याच्याकडे वळली.

“त्या दिवशी शिट्टी कोणी वाजवली, काका?”

“अगं बाळ, झालं गेलं ते आता...”

“मामा, इंजिन बंद करा,” ती म्हणाली. “आपल्याला घाई नाही.”

मामांनी किल्ली फिरवली. मग तेही मागे वळून बसले. “मी शिट्टीवर गाडी काढली होती, अध्यक्ष. मलापण ऐकू द्या.”

तो पाहुण्यांच्या सीटकडे बघू लागला. आज तिथे कुणी नव्हतं. खिडकीबाहेर अंधारत चाललेलं तळं होतं. “मी वाजवली,” तो शेवटी म्हणाला. “आत आहेत असं वाटलं मला. पाहुण्यांना उशीर होत होता.”

“आणि मावशींनी विचारलं तेव्हा?”

“गाडी वळवावी लागली असती...”

बेकरीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. ज्यांच्यासाठी गाडी एकदा वळली होती, त्या. “म्हणजे तुझ्या सांगण्यावरून वर्षभर मी त्या देवमाणसाला हट्टी म्हणत राहिले?” त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली. “इथे जागा नाही.” पलीकडच्या माणसानेही पिशवी ठेवली. मग त्याच्या मागच्याने. तो एकेका सीटपाशी थबकत पार मागे गेला.

“मागे बसा, काका,” मुलगी म्हणाली. “शेपटीच्या शेजारी. तिथूनच सगळं नीट दिसतं.”

मग तिने मला फुंकलं. ‘हलली रे हलली’ कुणी म्हणालं नाही. बस निघाली.

मित्रांनो, खरं सांगायचं तर माझं समाधान झालं नव्हतं. मला तो रस्त्यावर हवा होता, वाऱ्यात. घरी मुलगी मला पुसत बसली, तेव्हा मी रुसूनच होते. शिट्टीचं मन तिला कसं कळलं कुणास ठाऊक. कापड फिरवता फिरवता ती हळूच म्हणाली, “सोडून आले असते, तर सगळे त्याच्यासाठी हळहळले असते.”

तेव्हा माझ्या पोटातली गोळी सैल झाली.

त्याचं अध्यक्षपद गेलं. सहलीला मात्र तो अजून येतो. आला नाही तर त्याच्या दुकानात गिऱ्हाईकं कारण विचारतात. मागच्या सीटवर, मुलीच्या शेजारी बसतो. मित्रांनो, तुम्हीही कधी सहलीला जाल. मला छान पुसा, कोरडी ठेवा, खणात फेकू नका, हे तर आहेच. पण गाडी हलण्याआधी मागच्या सीटपर्यंत बघा. नुसता कोट दिसला, तर तो कोणाचा हे विचारा, आणि कुणी हसून उत्तर दिलं तर पुन्हा विचारा.

आणि मी? दर सहलीच्या शेवटी मुलगी मला फुंकते. तिच्या शेजारी, अगदी माझ्याजवळ, त्याचा कान असतो. मी पूर्वीपेक्षा जोरात वाजते.