वाटणीची नीज

फोन तांदळाच्या डब्याला टेकवून विनीताने त्याच्यापुढे वरवंटा आडवा ठेवला, तेव्हा कुठे तो घसरायचा थांबला. पडद्यावर आता श्यामलाचा खांदा, मागची खिडकी आणि खिडकीतलं शेवग्याचं तुकडाभर हिरवं एवढंच दिसत होतं. चेहरा चौकटीबाहेर राहिला होता.

"जरा डावीकडे सरकतेस?"

"चेहरा कशाला, विनीतादी? हात दाखवा. जे सांगायचंय ते हातांचंच आहे."

वसतिगृहाचा स्वयंपाक सांभाळणारी श्यामला चटईवर बसून मुळ्याचा पाला निवडत होती. पिवळं पान बाजूला, हिरवं पान टोपलीत. विनीताने मांडीवरचा कागद उलटा करून ठेवला. त्यावर साठेकाकांनी लिहून दिलेले पाच प्रश्न होते आणि पाचही प्रश्नांना एकच शेपूट होतं. उपाशी झोपताना काय वाटलं, पहिल्यांदा डोक्यावर छप्पर आलं तेव्हा काय वाटलं, आज मागे वळून बघताना काय वाटतं.

भालचंद्र साठे संस्थेचे चिटणीस. बँकेच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्यात आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. डमडम स्टेशनामागच्या गल्लीतलं मुलींचं हे वसतिगृह बरंचसं त्यांच्या पत्रांवर चालायचं. इंग्लंडच्या उत्तरेला एक लहानसं गाव आहे. तिथली माणसं दरवर्षी या मुलींसाठी पैसे उभे करायला काहीतरी करत. कधी केक विकत, कधी सगळे मिळून डोंगर चढत. यंदा त्यांनी ठरवलं होतं, चर्चच्या अंगणात एक रात्र उघड्यावर झोपायचं. रस्त्यावरची मुलं झोपतात तसं. त्याआधी त्यांना इथून पाच मिनिटांची चित्रफीत हवी होती, जिने ते आयुष्य काढलं तिच्या तोंडून. वरच्या मजल्यावर यंदा छप्पर घातलं गेलं नाही, तर तिथल्या बारा मुलींना ठेवून घेणं शक्य नव्हतं. आणि त्या बाराजणींना परत जायचं म्हणजे जिथून आल्या त्या फलाटावर.

"ती रडली तर रडू दे, विनीता," साठेकाका म्हणाले होते. "कॅमेरा बंद करू नकोस." मग त्यांना स्वतःलाच ते बोलणं आवडलं नसावं. "बघ बाई. तुला जमेल तसं कर."

विनीताला जमणार नाही असंच वाटत होतं. ती जन्मली, वाढली कोलकात्यातच. वसतिगृहात इंग्रजी शिकवायची आणि परदेशी पाहुणे आले की दुभाषी व्हायची. सात वर्षांपूर्वी एस्प्लनेडजवळच्या एका हॉटेलात अशाच पाहुण्यांचं जेवण होतं. तिने श्यामलाला चार वाक्यं पाठ करायला लावून उभं केलं होतं. चौथ्या वाक्यानंतर एका सज्जन गृहस्थांनी अगदी मृदू आवाजात विचारलं, त्या रात्री तुला काय वाटायचं? विनीताने प्रश्न बंगालीत केला. श्यामलाने हातातला पेला टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि ती निघून गेली. बसने घरी आली आणि संध्याकाळचा भात वेळेवर लागला. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कोणी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर श्यामला कुठल्या फोटोतसुद्धा आली नाही.

म्हणून काल विनीताने तिला विचारलंच नव्हतं. उलट गंमत म्हणून सांगितलं होतं, की बघ, बिलायतेतली माणसं घरातल्या गाद्या सोडून अंगणात झोपणार आहेत. त्यांच्यात एक म्हातारी आहे, एकाहत्तर वर्षांची. जन्मभर शाळेची बस चालवली. तिने नाव नोंदवताना खाली लिहिलंय, मला दगडावर झोपायची सवय नाही, कसं झोपायचं ते तिथल्या कोणाला तरी विचारून कळवा.

विनीता हे सांगताना हसली होती. श्यामला हसली नाही. तिने हातातली कढई उपडी घातली.

"सगळे विचारतात काय वाटलं," ती म्हणाली. "कसं करायचं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं." आणि थोडं थांबून, "उद्या दुपारी या. मुली शाळेत असतील."

आता दुपार झाली होती. विनीताने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. श्यामलाने पाल्याची टोपली बाजूला सारली, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि पुठ्ठ्याचं एक खोकं पुढे ओढलं आणि स्वयंपाक शिकवावा तशा आवाजात ती बोलू लागली.

आधी पुठ्ठा, मग कागद. दगड सगळ्यात आधी कमरेची ऊब ओढून घेतो, म्हणून कमरेखाली पुठ्ठ्याची घडी दुहेरी हवी. कागद अंगावर घ्यायचा नाही, तो वाऱ्याने उडतो आणि आवाज करतो. तो दोन कपड्यांच्या मध्ये घालायचा, पोटाला आणि पाठीला. उताणं झोपायचं नाही. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे. चपला उशाला ठेवायच्या आणि त्यांचा पट्टा मनगटाला बांधायचा. तिने आपल्या मनगटाला सुतळी गुंडाळून दाखवली. बोटं त्या गाठीवरून अशी फिरली की गाठ कधी पडली ते विनीताला दिसलंच नाही.

डोक्यावरून विमान गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. श्यामला मधेच थांबली, पाहुण्याला वाट द्यावी तशी विमानाला जाऊ दिलं आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं.

"दिव्याखाली झोपू नका, दिदिमा." बसवाल्या म्हातारीला ती आता आजी म्हणत होती. "नवीन माणूस दिवा बघून तिथेच पथारी टाकतो. दिव्याखाली आपण सगळ्यांना दिसतो आणि आपल्याला कोणी दिसत नाही. भिंत असेल तर ती तुम्ही घ्या, तुमचं वय झालंय. सगळ्यात लहान असेल त्याला मधे घ्यायचं."

विनीता कागदाच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजी उतरवून घेत होती. तिचा हात मागे पडू लागला होता.

"आणि सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. एकाने जागं राहायचं. जो जागा असेल त्याने निजलेल्यांकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघितलं की झोप येते. रस्त्याकडे बघायचं." तिने पुठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. "सकाळी उठलात की आधी मोजा. मग चहा."

एवढं सांगून तिने खोकं मिटवलं. विनीताने फोन बंद केला. पाच मिनिटांना सतरा सेकंद कमी होते.

श्यामलाने टोपली पुन्हा पुढे घेतली. पिवळं पान बाजूला, हिरवं पान टोपलीत.

"तुमच्यात जागं कोण राहायचं?" विनीताने विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं की हा सहावा प्रश्न आपण उगाच विचारला.

"आम्ही सहाजणी होतो. तिकीटघराच्या जिन्याखाली. पाचजणी झोपायच्या." तिने एक जून देठ मोडला. "मी अकरा वर्षांची होते. सगळ्यांत मोठी."

"रोज?"

"दुपारी झोपायचे ना मी. दुपारी कोणी काही करत नाही." मग पानांकडे बघतच ती म्हणाली, "एकदा डोळा लागला. सकाळी मोजल्या तर पाच भरल्या. मला धरून."

तेवीस वर्षं विनीता या घरात येत होती. मुलींच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी रात्रभर बसणारी श्यामलामासी तिला ऐकून माहीत होती. सगळ्यांना वाटे, बाईला निद्रानाश आहे. साठेकाकांनी एकदा डॉक्टरही बोलावला होता. त्याने दिलेल्या गोळ्या श्यामलाने मान डोलवून घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. दुपारी ती तासभर आडवी व्हायची, तीही दाराकडे तोंड करून, आणि कडी वाजायच्या आत उठून बसलेली असायची.

घरी आल्यावर विनीता कागद घेऊन टेबलाशी बसली. सगळं इंग्रजीत उतरलं, त्या एका जागी मात्र लेखणी अडली. पहारा म्हटलं की शिपाई येतो, राखण म्हटलं की माल येतो. तिने पलंगावरच्या आईला विचारलं, एकाने जागं राहायचं म्हणजे बाकीच्यांना झोपता येतं, याला आपण काय म्हणतो गं?

आशाबाई पंच्याऐंशी वर्षांच्या. साठ वर्षं कोलकात्यात काढूनही त्यांच्या बोलण्याला साताऱ्याची माती होती.

"जागल," त्या म्हणाल्या. "ज्वारी हुरड्यात आली की माझा भाऊ जागलीला जायचा. माळ्यावर बसायचा रात्रभर." आणि डोळे मिटून, जणू कोणी दळायला बसलंय अशा संथ लयीत, त्यांनी दोन ओळी म्हटल्या.

*जागल्या गं माझा बंधू, माळ्यावरी जागा राही*
*त्याच्या वाटणीची नीज, कणसांना गोड जाई*

विनीताने लेखणी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून तिने इंग्रजीत साधं, सरळ लिहिलं, की एकजण जागा राहतो आणि त्याच्या वाटणीची झोप बाकीच्यांना देतो.

चित्रफीत साठेकाकांकडे गेली. तासाभराने त्यांचा फोन आला. विनीता बोलणी खायच्या तयारीने बसली होती. यात रडणं नाही, गोष्ट नाही, चेहरासुद्धा नाही. साठेकाका आधी खाकरले, मग म्हणाले की त्यांनी ती दोनदा पाहिली, बायकोलाही दाखवली आणि जशी होती तशी पाठवून दिली. मग जरा वेळाने, "मी तर दिव्याखालीच झोपलो असतो गं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पंधरा दिवस गेले. मुळा जाऊन बाजारात मटार आला. एका दुपारी विनीता जवळजवळ धावतच गल्लीत शिरली. श्यामला नुकतीच भांडी पालथी घालून चटईवर बसली होती. विनीताने फोन तिच्या हातात दिला.

दगडी भिंतीचं एक अंगण, पहाटेच्या राखाडी उजेडातलं. दिव्याचा खांब एका कडेला आणि त्याच्याखाली कोणी नाही. अंधाऱ्या बाजूला माणसं दाटीने कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी. बुटांच्या नाड्या मनगटांना बांधलेल्या. मधोमध लोकरी टोपीतलं एक लहान पोर आईच्या काखेत शिरलेलं. आणि भिंतीला पाठ लावून एक पांढऱ्या केसांची बाई ताठ बसलेली. मांडीवर घोंगडी, हातात थर्मासचं झाकण. सगळे जिच्या भरवशावर निजले होते ती फोटो काढणाऱ्याकडे बघत नव्हती. ती फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती.

विनीता छपराबद्दल सांगू लागली. साठेकाकांना आजच पत्र आलं होतं, काम पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं, बाराजणी इथेच राहणार होत्या. श्यामलाने मान हलवली. ऐकलं, पण तिचं बोट पडद्यावर होतं. ती एकेका डोक्यावर बोट ठेवून पुढे सरकत होती, ओठ हलत होते.

"सत्तावीस," ती म्हणाली. "दिदिमाला धरून अठ्ठावीस." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"तिने तुला चिठ्ठी लिहिलीय. वाचू?"

श्यामलाने बोट उचललं नाही. विनीताने वाचून बंगालीत सांगितलं. म्हातारीने लिहिलं होतं, की कमरेखालची दुहेरी घडी कामाला आली. दोन-दोन तासांच्या पाळ्या ठरल्या होत्या आणि पहिली तिची होती. ती संपल्यावर दुसऱ्याला उठवायला ती गेली, पण तो इतका छान झोपला होता की उठवावंसं वाटलं नाही. म्हणून ती तशीच बसून राहिली. रस्त्याकडे बघत, तू सांगितलंस तशी. चिठ्ठीच्या शेवटी दोन छोटी वाक्यं होती.

"सकाळी आधी मोजले. सगळे होते."

श्यामलाने फोन चटईवर ठेवला. पालथा नाही, उताणा, ती बाई वर दिसेल असा. विमानाचा आवाज दुरून आला, डोक्यावरून गेला, विरला. श्यामलाने पदराने तोंड पुसलं, तसंच जसं रोज भांडी झाल्यावर पुसायची.

"पाच मिनिटं पाठ टेकते, विनीतादी," ती म्हणाली. "अंग जड झालंय."

ती आडवी झाली. सवयीने दाराकडे वळली, क्षणभर तशीच पडून राहिली. मग हळूच कूस बदलून तिने तोंड भिंतीकडे केलं आणि गुडघे पोटाशी घेतले.

विनीताला निघायचं होतं. आईच्या औषधाची वेळ झाली होती. तिने चपलेत पाय घातला, काढला, आणि शेजारच्या मानसीला फोन करून आईला गोळी द्यायला सांगितलं, अगदी हळू आवाजात. मग बसायचा वेताचा मोडा उचलून उंबऱ्यापाशी नेला आणि बसली, पाठ खोलीकडे, तोंड गल्लीकडे. मागे श्वास संथ होत गेला. तिला वळून बघावंसं वाटलं. ती वळली नाही.

चार वाजता मुलींचा घोळका गल्लीच्या तोंडाशी दिसला. दप्तरं, वेण्या, भांडणं, एकमेकींवर ओरडणं. दारात मासीऐवजी विनीतादी बसलेली बघून त्या थबकल्या. विनीताने ओठांवर बोट ठेवलं, उंबऱ्यावरून पाय बाजूला घेतले आणि मोजत मोजत एकेकीला आत सोडलं.