वृंदा काय विचारेल

शेवटचं ब्लँकेट मागच्या सीटवर बसेना, तेव्हा वृंदाने ते गुडघ्याने दाबलं आणि दार लोटलं. पानिपतच्या दुकानदाराने मघाशी विचारलं होतं, "मैडम, किसके नाम से बाँटना है?" तिने गेलेल्या नवऱ्याचं, विश्वासचं नाव सांगितलं होतं, आवाजात जराही फरक न पडता. गेले चार महिने हे असंच चाललं होतं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातले शेजारी तिला खंबीर म्हणत. खंबीर कसलं डोंबल! तिला काही होतच नव्हतं, एवढंच. चहा गार झाला तरी ती तो तसाच पिऊन टाकायची.

तिच्या लेकीने, सलोनीने गाडी सुरू केली. उद्या ती पुण्याला, नोकरीवर परत जाणार होती, आणि त्या बधिरपणात वृंदाची तेवढी एकच भीती जागी होती. विश्वास होता तोवर घरात गप्पा चालायच्या त्या बाप-लेकीच्या. वृंदा ताटं मांडता मांडता ऐकायची. तो गेल्यापासून मायलेकींचं फोनवरचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो, तू?" यापुढे सरकलं नव्हतं. अशाने ही पोरगी एक दिवस फोन करायचीच बंद होईल.

"काला अंबला थांबूया?" सलोनीने विचारलं.

"थांब."

दिल्लीतल्या मराठी घरात महाराष्ट्रातून पाहुणा आला की लाल किल्ला राहिला तरी चालतो, पानिपतच्या रणभूमीवरचा काला अंब राहून चालत नाही. विश्वासने निम्मं गणगोत इथे आणून स्तंभापुढे उभं केलं होतं. आणि इतकी माणसं जिथे कामी आली तिथेही, हात जोडून झाले की या गृहस्थाला विनोद सुचायचा. "दोन वांगी रिक्षात बसली. एक म्हणालं, खिडकी लाव, थंडी वाजतेय. दुसरं म्हणालं, थांब, आधी मावशीला उतरू दे." वृंदाची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली, डोकंही त्याच वळणाचं. बोलणारी वांगी तिला मान्य असायची, मावशीबद्दलही तक्रार नसायची. "पण रिक्षाला खिडकी कुठे असते?" असं ती विचारायची आणि बाप-लेक पोट धरून हसायचे. आपल्याला विनोद कळत नाही म्हणून हसतात, असं तिला वाटे. ज्याला अर्थच नाही त्याला हसायचं कशाला, हे मात्र तिला कधी कुणी सांगितलं नाही.

स्तंभाजवळ धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. दोघी बाकावर बसल्या. सलोनी जॅकेटची चेन वरखाली करत राहिली.

"आई, एक जोक सांगू?"

"इथे?"

"बाबांचाच आहे. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला फोनवर सांगितला होता. रात्री तुला सांगणार होते."

त्या दिवशी संध्याकाळी विश्वास ऑफिसच्या जिन्यातच कोसळला होता. वृंदाने नुसती मान हलवली.

"एक उंट न्हाव्याकडे जातो. म्हणतो, भैया, कटिंग करा, पण कात्रीचा आवाज नको. माझ्या खिशात भेंडी झोपलीय."

सलोनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अच्छा," वृंदा म्हणाली.

"बस? काही विचारणार नाहीस?"

"काय विचारू? तुमच्या जोकना अर्थ नसतो, हे मला काय आज कळलंय?"

"यार आई, जोकला कोण हसत होतं!" सलोनीचा आवाज चिरकला. "वांग्यांमध्ये काय होतं हसण्यासारखं? आम्ही तुझ्या प्रश्नाला हसायचो. तू काय विचारशील, यावर पैज लागायची आमची. आणि दर वेळी बाबाच जिंकायचे."

वृंदाला हे नवीन होतं. इतकी वर्षं ती स्वतःला त्या हसण्याच्या बाहेरची समजत आली होती. हे ऐकून काहीतरी वाटायला हवं, हेही तिला कळत होतं. पण आत कुठे काही हललं नाही. "चल, उशीर होईल," म्हणून ती उठली.

दोघी फाटकापर्यंत आल्या. तिथे वृंदा थबकली.

"पण मी म्हणते, झोपलेल्या भेंडीला घेऊन बाहेर पडायचंच कशाला? घरी कुणी नव्हतं का तिच्याजवळ?"

सलोनी जागच्या जागी उभी राहिली. तिला हसू फुटलं, पण ते धड हसूही राहिलं नाही.

"पैजेत मी खिसा म्हटलं होतं," ती नाक पुसत म्हणाली. "उंटाला खिसा कुठे असतो, असं तू विचारशील म्हणून. बाबा म्हणाले, हट्, खिशाचं तिला काही पडलेलं नसतं. ती विचारेल, घरी कुणी नव्हतं का."

वृंदाला विश्वासचा राग आला. कानशिलं तापावीत इतका राग. माणसाने इतकं नेमकं ओळखायचं, आणि ऐकायला थांबायचं नाही!

"बघ ना गं," ती म्हणाली. आणि तिला रडू फुटलं. येणारे-जाणारे वळून बघू लागले, तरी तिने रडणं आवरलं नाही.