परत केलेली ओटी

मंगळवारी सकाळी हडपसरच्या मंडईत मथुराबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, तेव्हा तिचा धाकटा भाऊ सर्जेराव केळ्यांची फणी घेऊन समोर उभा राहिला. गळ्यात सोन्याचा गोफ, पायांत पांढरे बूट आणि चेहऱ्यावर इतकी माया की पाहणाऱ्याला घाम फुटावा.

"आक्का, बरी हायेस न्हवं?"

शेजारच्या पथारीवरची मुक्ताबाई पदराआडून पुटपुटली, "आज सूर्व्या कुनीकडं उगावला गं बाई?"

तिचं काय चुकलं? तीस वर्षांत या भावाने बहिणीला कधी बरं-वाईट विचारलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, तशी मथुराबाई तान्ह्या मंदाला घेऊन माहेरी आली. भावाने 'आसरा' दिला. तो कुठे, तर गोठ्यात, म्हशींच्या पलीकडच्या कोपऱ्यात. शेण काढायचं, धारा काढायच्या, कांद्याची खुरपणी करायची. रोजगाराचं कुणी विचारलं की सर्जेराव म्हणायचा, "घरचीच हाय की, तिला कसला रोज?" जेवायला बसताना मात्र ती घरची नसे. पुढे गाव शहरात गेलं, म्हशी विकल्या, सर्जेरावाचा तीन मजली बंगला उठला. मथुराबाई गोठ्यातच राहिली. मंदाला नर्स व्हायचं होतं. मामाने पंधराव्या वर्षी तिला उजवून टाकली. आज ती कोथरूडमधल्या तीन सोसायट्यांची भांडी घासते.

"बेस हाय," मथुराबाई जुडीची गाठ मारत म्हणाली. "काम बोल."

"परवा घरी ये. तुला साडी-चोळी करायची हाय. मग दुपारी कचेरीत जाऊन एक सही द्यायची. हक्कसोड म्हंत्यात त्याला. भन हक्क सोडती, भाऊ म्हायेर जपतो. रीतच हाय आपली."

कळलं ना आता माया कुठून पाझरत होती? बापाच्या माघारी सातबाऱ्यावर मथुराबाईचंही नाव चढलं होतं. इतकी वर्षं त्या नावाची कुणाला आठवण नव्हती. आता शेजारी आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मळ्यावर बिल्डरचा डोळा पडला, आणि बहिणीच्या सहीवाचून व्यवहार अडला. ती सही झाली की मथुराबाईच्या पायांखालचा गोठाही जाणार होता आणि मंदाला द्यायला तिच्याजवळ काही उरणार नव्हतं.

मुक्ताबाईला राहवेना. "म्या बी केली व्हती सही," ती म्हणाली. "लुगडं मिळालं. लुगडं इटलं, फाटलं, त्याची फडकी झाली. भाऊ आता रस्त्यात वळख देत न्हाई."

सर्जेरावाने तिच्याकडे असं पाहिलं की नजरेनेच कुणी जळालं असतं. मथुराबाई मात्र हसली.

"करते की सही. पर माझी एक अट हाय. समदी भावकी बोलवायची. तिच्याम्होरं तुझ्या बायकूनं, तुळजानं, माझी वटी भरायची. आन् मग समद्यांनी माझ्यासंगं कचेरीत यायचं."

सर्जेराव क्षणभर चपापला. विधवेची ओटी? पण मग मनात म्हणाला, म्हातारी वेडी आहे, नारळावर भागतंय तर भागू दे. "व्हय व्हय, भरू की!" म्हणत तो निघाला.

त्याला आठवलं नाही, पण मथुराबाईला सगळं आठवत होतं. सर्जेरावाच्या लेकीची हळद होती. भाजी विकून जमवलेल्या पैशांतून मथुराबाईने भाचीसाठी खण आणि नारळ आणला होता. मांडवात पाय ठेवते तोच तिची भावजय तुळजाबाई पुढे आली आणि तिच्या हातातला नारळ काढून घेऊन म्हणाली, "वन्सं, पांढऱ्या कपाळाचा नारळ नगं. हळद हुईस्तवर गोठ्यात बसा." चौदा वर्षांची मंदा आईचं बोट धरून उभी होती. सारी भावकी लाडू खात राहिली. मायलेकी गोठ्यात जाऊन बसल्या. बाहेर सनई वाजत होती आणि मंदा विचारत होती, "आये, आपुन काय केलं?" त्या प्रश्नाचा सूड घ्यायचाच, ही गाठ मथुराबाईने त्या दिवशी मारली होती. सूड वाईट असतो म्हणे. असेल बाई! पण पोटच्या पोरीच्या तोंडून असला प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याने शहाणपण शिकवू नये.

गुरुवारी बंगल्याच्या दिवाणखान्यात पाट मांडला. भोवती रांगोळी. भावकी झाडून आली. मंदाही कामावर खाडा करून आली. तुळजाबाईने हळदकुंकू लावलं. तांदूळ, खण, नारळ ओटीत घातला. आणि काय सांगू, धर्म बुडाला नाही! आभाळ कोसळलं नाही! तीस वर्षं जे शास्त्र दांडकं घेऊन मांडवाच्या दारात उभं होतं, ते जमिनीचा भाव ऐकल्याबरोबर मुकाट बाजूला सरलं. मथुराबाई एकेकाच्या तोंडाकडे नीट बघत होती. तिला हेच पाहायचं होतं.

पदराची ओटी तशीच खोचून ती कचेरीत गेली. मागे दोन जीपगाड्या भरून भावकी. बिल्डरचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आधीच हजर होता. दस्त नोंदवणारे साहेब चष्म्यावरून बघणारे, तोलून बोलणारे गृहस्थ होते.

"मथुराबाई आपणच ना? हा हक्कसोडीचा दस्त. यात आपण आपला हिस्सा भावाला विनामोबदला सोडता आहात. वाचून दाखवलाय का? राजीखुशीने सही करताय ना?"

"व्हय साहेब, समदं तिच्या खुशीनं," सर्जेराव पुढे झाला.

"आपलं नाव मथुराबाई आहे का?" साहेब म्हणाले. "नाही ना? मग जरा मागे सरका."

मथुराबाई उठली. पदर सोडला आणि टेबलाच्या कडेवर एकेक वस्तू मांडली. नारळ. खण. मग मूठमूठ तांदूळ. एक दाणाही पदरात ठेवला नाही. मग वळून सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "न्हाई साहेब. माझी खुशी न्हाई. ह्याच्या ल्येकीच्या हळदीला माझा नारळ इटाळ व्हता, आन् आज सहीसाठी माझी वटी भरली. सर्जा, ही घे तुझी वटी. जिमीन माझ्या बापाची हाय, माझा हिस्सा मला पायजे. वाटणीचा अर्ज म्या कालच दिलाय."

साहेबांनी दस्त मिटला. "झालं मग. पुढचे कोण?"

सर्जेरावाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "आक्का, म्हायेर तुटंल तुझं!" तो ओरडला.

"गोठ्याला म्हायेर म्हंत्यात व्हय रं? तुटू दे."

बिल्डरच्या माणसाने पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत घातला. भावकीतल्या कुणाला चपला सापडेनात, कुणाला फोन आठवला. मंदा मात्र खदखदून हसली, हसता हसता रडली. आणि मथुराबाईला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या दारात सावली पडली. तुळजाबाई उभी होती. डोळे सुजलेले.

"वन्सं, आत येऊ का?"

"दारातच बस," मथुराबाई म्हणाली. "तिथंच, हळदीच्या दिशी मंदा बसली व्हती तिथं."

तुळजाबाई बसली. मथुराबाईने मुद्दाम सगळी मेथी निवडून संपवली, मग कोथिंबीर घेतली. भावजयीला ऊन लागत होतं. लागू दे, तिच्या मनात आलं.

शेवटी तुळजाबाईने कमरेची पिशवी सोडली आणि घडी घातलेला एक कागद पुढे केला. "माझ्या भावांनी फुरसुंगीहून धाडलाय. सोमवारी सही कराया बोलावलंय. साडी बी घेतलीया म्हनं. आन् तुमच्या भावानं काल रातीला सांगितलं, तू बी हक्क मागितलास तर भनीला कंच्या तोंडानं सही मागू? सही केली न्हाईस तर या घरात पाय ठिवू नगं."

मथुराबाईने कागद घेतला. तोच शब्द वर मोठ्या अक्षरांत: हक्कसोड. तिला हसू आलं, मग आलं तसं गेलं. समोरची बाई तिच्या हातचा नारळ हिसकावणारीच होती. पण तिलाही पदरात नारळ घालून फसवायला तिचे सख्खे भाऊ टपले होते.

"त्यो साहेब काय इच्यारतो वन्सं? मला समजंल असं सांगा."

मथुराबाईने कोपऱ्यातलं पोतं ओढून आत सावलीत अंथरलं. "इकडं ये. बस. त्यो इच्यारतो, राजीखुशीनं सही करताय न्हवं? तवा काय म्हनायचं?"

"न्हाई," तुळजाबाई पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं."

"न्हाई."

"बंगल्यात ऐकू गेलं पायजे!"

तुळजाबाईने बंगल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे सर्जेराव उभा होता. तिने पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडली, "न्हाई!"