गोचिडी टाकता कुठे?

गाईच्या कानामागे बोट फिरवायचं, टपोरा दाणा लागला की चिमटीत धरून अलगद ओढायचा आणि न बघता पाठीमागे भिरकावायचा. म्हातारीला हे तिच्या थोरल्या जावेने शिकवलं होतं. तेव्हा गोठ्यात सात जनावरं होती आणि मागे कोंबड्यांची झुंबड. गोचीड जमिनीवर पडायचा अवकाश, की गट्टम! जावाजावांच्या गप्पा रंगायच्या, हात आपोआप चालायचे.

आता जाऊ नव्हती. जनावर एकच उरलं होतं, तांबडी, सात महिन्यांची गाभण. दोन दिवस तिने वैरणीला तोंड लावलं नव्हतं. आज सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तेव्हा सुनेने डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी ताप पाहिला, पापणी उलटून पाहिली. "गोचीडताप. रक्त फार कमी झालंय. गोचिडी काढता ना?"

"रोज! एक ठेवत नाही अंगावर."

"आणि टाकता कुठे?"

"ही अशी, मागे..." म्हातारीचा उचललेला हात तसाच राहिला.

डॉक्टरांनी मागच्या भिंतीची भेग काडीने उकरली. आत खसखशीएवढ्या तपकिरी अंड्यांचे पुंजके. "एकेक मादी हजारो घालते."

म्हातारी सुनेकडे वळली. "माझ्याच हातांनी केलं गं हे."

"कोंबड्या मी विकल्या," सून म्हणाली. "घाण करतात म्हणून. तुम्ही नको म्हणत होतात."

"ते अंडी मिळावीत म्हणून! हे कुठे ठाऊक होतं मला?"

"भांडण उद्या करा," डॉक्टर म्हणाले. "आधी मान धरा. दोघींनी."

इंजेक्शन झालं. भेगा बुजवा, गाईवर आणि भिंतींवरही औषध फवारा, काढलेली गोचीड रॉकेलच्या डब्यातच टाका, असं त्यांनी बजावलं.

"आणि वासरू?" म्हातारीने विचारलं.

"आज काही सांगत नाही. आधी ताप उतरू दे."

सून दिवसभर चुन्याने भेगा लिंपत राहिली. म्हातारी तांबडीच्या डोक्यावर ओलं पोतं बदलत बसली.

"आई, जरा आडव्या व्हा ना."

"तू भिंत बघ. तो कोपरा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी फिकी झाली. तांबडीने घासभर गवत ओढलं. म्हातारीने तिच्या उजव्या कुशीवर तळवा ठेवला. बराच वेळ काहीच नाही. सून थापी धरून तशीच उभी.

मग आतून एक ढुशी बसली.

"इकडे ये," म्हातारी म्हणाली आणि सुनेचा चुन्याने माखलेला हात ओढून तिने आपल्या हाताशेजारी ठेवला.