किल्लीवाल्याच्या घरातलं कुलूप

किल्लीवाल्याच्याच घरात खाऊच्या कपाटाला कुलूप लागलं होतं, ही बातमी गल्लीत फुटली नाही हे नशीबच. लोक पोट धरून हसले असते. कुणाचंही अडलेलं दार चुटकीसरशी उघडून देणाऱ्या माणसाच्या बायकोने साखर, बिस्किटं, होतं नव्हतं ते गोड सगळं कोंडून किल्ली कमरेला खोचली होती.

तिचाही नाइलाज होता. नवऱ्याची रक्तातली साखर काही केल्या उतरेना. डॉक्टर दर खेपेला इन्सुलिन वाढवत, आणि जेवण आखून देणारी ताई दर खेपेला तिला बाजूला घेऊन म्हणे, "काकू, काका चोरून खातायत. लक्ष ठेवा." सिस्टरची खोली दवाखान्यातच पण जिन्यापलीकडे, ती रक्त घेई, सुई टोचायला शिकवी. तिघंही कामाला वाघ, पण एकमेकांशी बोलायचं ते किल्लीवाल्याच्या तोंडून. डॉक्टरांना सांगा, ताईंना विचारा, सिस्टरना दाखवा. औषध घ्यायला गेलेला माणूस निरोप्या होऊन बसला होता.

"अगं, तुझी शपथ, कणभर गोड खाल्लेलं नाही," तो म्हणे.

"मग सुई टोचताना दार का लावता?"

"तू टक लावून बघतेस. हात कापतो माझा."

तिला ते पटेना. त्याच्या पेटीत तारा आणि आकडे खच्चून भरलेले. त्याच्यापुढे कुलपाची काय मातब्बरी! ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकून संसार केला, त्याच्याशी ती आता जेवताना धड बोलतही नव्हती. हे तिला आतून कुरतडत होतं.

एकदा रक्त घेऊन झाल्यावर सिस्टर सहज म्हणाली, "काका, सदरा वर करा बघू." बेंबीच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ होती.

"रोज इथेच टोचता?"

"तिथे दुखत नाही ना, सिस्टर."

"औषध गाठीतच अडकून बसतं, काका! आजपासून जागा बदला. आणि डॉक्टरांना सांगून जा."

डॉक्टर निघून गेले होते. पुढच्या खेपेला सांगू, म्हणून दोघं घरी आली. औषध अडकतं म्हणे, बायको मनात म्हणाली. ह्यांना बरं निमित्त सापडलं!

संध्याकाळी त्याने नव्या जागी सुई टोचली आणि ताईंनी आखून दिलेलं चिमूटभर जेवण जेवला. गाठीत अडकत होतं म्हणून वाढवत नेलेलं औषध आता सगळंच्या सगळं अंगात उतरलं. थोड्या वेळाने तो घामाने निथळत होता, हात थरथरत होते आणि तो बायकोला गिऱ्हाईक समजून कुलपाचा नंबर विचारत होता.

घाम, थरथर, बरळणं दिसलं की आधी साखर, असं सिस्टरने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने कमरेला हात घातला. किल्ली नव्हती! ओट्यावर नाही, उशीखाली नाही. मग तिने त्याच्या पेटीतला हातोडा उचलला आणि कुलपावर घातला. कोयंडा निखळला, दार उघडलं.

साखरेची बरणी काठोकाठ भरलेली होती. बिस्किटांच्या पुड्याचं तोंडही उघडलेलं नव्हतं. रडायला वेळ नव्हता. तिने पाण्यात साखर ढवळली आणि घोट घोट त्याला पाजली. हळूहळू त्याची नजर थाऱ्यावर आली, आणि मग तिला हुंदका फुटला.

सकाळी ती भांडायच्या तयारीनेच दवाखान्यात गेली. तिघं एका खोलीत आल्याशिवाय हलणार नाही म्हणाली, आणि हललीही नाही. तिघं आली आणि आधी एकमेकांवरच घसरली. "जागा बदलायला सांगितलीत ते मला कळवायला नको?" डॉक्टर सिस्टरवर डाफरले. "तुम्ही नुसतं औषधच वाढवत होतात की!"

डॉक्टरांचा आवाज आधी खाली आला. "मी एकदाही पोटाला हात लावून बघितलं नाही," ते म्हणाले. त्यांनी औषध उतरवलं, ताईने जेवण नव्याने आखलं, तेही तिथेच, एकमेकांना विचारत. यापुढे काही बदललं तर आम्हीच एकमेकांना सांगू, निरोप काकांच्या डोक्यावर नको, असं ठरलं. ताई काकांपुढे येऊन म्हणाली, "मी तुम्हाला उगीच चोर ठरवलं, काका." आणि सिस्टरचे डोळे भरून आले. "कालचं माझ्यामुळे झालं, काकू."

भांडायला आलेल्या बाईने तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही तो सदरा वर करायला सांगितला नसतात, तर मी जन्मभर ह्यांना चोर म्हणत राहिले असते. तुमचे उपकार कसे फेडू?"

घरी आल्यावर किल्ली भाजीच्या टोपलीत सापडली. किल्लीवाला निखळलेला कोयंडा हातात घेऊन बसला होता.

"हे कुलूप तुम्हाला कितीसं जड होतं?" तिने विचारलं.

"ह्याला काय लागतंय? केसातल्या आकड्याने उघडेल."

"मग इतके दिवस उघडलं का नाहीत?"

"तू लावलं होतंस ना," तो म्हणाला.

तिने साखरेची पुडी बांधली आणि स्वतःच्या हाताने त्याच्या खिशात ठेवली.