ठिपकेवाली आणि तितराचा डोळा

मी एक जुनी ठिपकेवाली आहे, मित्रांनो. शास्त्रज्ञ मला कायनेज म्हणतात, पेशीतलं एक कामकरी प्रथिन. माझा मुक्काम अ‍ॅटलास डोंगरातल्या तुदा नावाच्या पोरीच्या मेंदूत. आमचं आयुष्य थोड्या दिवसांचं, पण जाण्याआधी प्रत्येक बहीण आपली खोड शेजारणीला लावून जाते. म्हणजे मी सारखी मरते आणि तरी जुनीच! खोटं वाटतंय? वाटू दे.

तुदा आईच्या पोटात होती, तेव्हा नव्या पेशींना हाकलत हाकलत जागेवर आम्हीच बसवलं. पुढं काम एकच. पोर जे पुन्हा पुन्हा करील, त्या वाटेवर फॉस्फेटचा ठिपका ठेवायचा. ठिपके पडले की वाट पक्की. मागून एक पुसणारी फिरते. तिचं-माझं पटत नाही.

तुदाची मावशी इज्जा गालिचे विणायची. 'तितराचा डोळा' ही नक्षी गावात तिलाच येई, तीही कुठं काढलेली नाही, नुसती डोक्यातून. आता तिची नजर विझत चालली होती. तुदाला आली नाही, तर नक्षी गेलीच. म्हणून तिनं तुदाला मागावर बसवलं.

पण त्या घरची रीत अशी, की मारलेली गाठ सोडायची नाही, नशीब उसवतं. तुदाची पहिल्याच डोळ्यात गाठ चुकली, ती तशीच राहिली. तिनं पुढचे डोळेही तसेच विणले, आणि मी ठिपके देत सुटले! चूक-बरोबर मला कुठं कळतं?

इज्जानं बोटं फिरवली.

"अगं, हे तीतर तिरळं कसं झालं?"

"पहिल्यापासून तसंच आहे, मावशी. तू गाठ सोडू देतेस होय?"

"जीभ बघा पोरीची! माझ्याच रीतीनं मला बांधते. कात्री आण."

"आणि नशीब?"

"माझं उसवून झालंय कधीच. आण म्हणते ना!"

सगळं उसवलं. पुसणारीला मी पहिल्यांदाच म्हटलं, "घे बाई, हातभार लाव."

तरी तुदाचा हात जुन्याच वाटेनं पळे. ती रडली.

"हात ऐकत नाही गं."

"ऐकेल. तेलात भाकर बुडवून खा, झोप काढ, उद्या पुन्हा बस."

ती रोज बसली. मीही हट्टाला पेटले. ती झोपली की आम्ही नवी वाट चोपून काढायचो.

गालिचा मागावरून उतरला, तेव्हा इज्जाला दिसत नव्हतं. तिनं तो बोटांनी वाचला.

"कुणी विणलं?"

"मी."

"चल, खोटारडे! हा तर माझा हात आहे."

मित्रांनो, नीट बघून गिरवा. चुकलात तर लगेच उसवा, लाजू नका. आणि झोपा वेळेवर. आमची खरी मजुरी तेव्हाच चालते.