अंगी न लागलेला घास

मी रिद्धीचं स्वादुपिंड बोलतंय. जुन्नरच्या पेठेत जिनेशभाऊंचं कापडदुकान आहे. त्यांची ही चार वर्षांची मुलगी. तिच्या जठरामागे माझी जागा.

अन्न पचवणारा रस आतड्यात सोडायचा, हे माझं मुख्य काम. पण सिस्टिक फायब्रोसिस हा आजार रिद्धी जन्मतःच घेऊन आली. माझ्या नळ्यांत रस डिंकासारखा घट्ट बसला. बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो मलाच खात राहिला.

वरून घास येतच होते. दूध, डाळ, तूप. त्यातलं रक्तात फारसं काही पोचत नव्हतं. पोट फुगायचं, शौच तेलकट व्हायचं, आणि पोर पुन्हा भुकेली. दूध घालणाऱ्या साळुबाई म्हणायच्या, "लई खाती वं पोर, पण अंगी लागत न्हाई." तेलकटपणा बघून रिद्धीच्या दादीनं, सुंदरबाईंनी, तूपच बंद केलं. मायेनंच केलं, पण पोरीचे हातपाय आणखी वाळले.

शेवटी पुण्यात घामातल्या मिठाची तपासणी झाली आणि आजार कळला. डॉक्टर म्हणाले, "तूप भरपूर द्या. आणि प्रत्येक खाण्याबरोबर ही कॅप्सूल." मला पोचवता आला नाही तो पाचकरस त्या कॅप्सूलमध्ये होता.

औषध कशाचं, हे विचारायची या जैन घराची रीत. जिनेशभाऊंनी विचारलं. डुकराच्या स्वादुपिंडाचं.

"या घरात कांदा शिजत नाही, जिनू!" सुंदरबाई रडल्या. "आपले गुरू महाराजसाहेब पायी विहारात आहेत. ते आले की विचारू."

"तोवर ही राहील का, मम्मीजी?" सून राखी म्हणाली.

दादी, मला ओरडता येत नाही. त्या मुक्या जिवाचं दुःख मलाही आहे. त्याचं स्वादुपिंड माझं भावंडच. पण तुमची नात भरल्या ताटावर उपाशी मरते आहे हो!

आज दुपारी राखीनं कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरावर टाकले. "पाप मला लागू दे, मम्मीजी."

सुंदरबाई माळ घेऊन उठल्या. रिद्धीनं त्यांचा पदर धरला. "दादी, तू भरव. मम्मा लई घाई करते."

दादी थांबल्या आहेत. राखीनं चमचा पुढे धरलाय. मी आता बरं होणार नाही. हिच्या रक्तापर्यंत घास पोचवणं मला जमलं नाही, दादी. ते तुमच्या हातून होऊ द्या.